लाल किड्यांचा डबा

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
बुधवार, १७ डिसेंबर

चि. यज्ञेश यास,

श्यामकांतचे अनेक आशीर्वाद. (तू अठ्ठावन्नाचा झालास, कृषी खात्यातून निवृत्तीचा नारळ घेऊन घरी बसलास, डोक्यावरचं पीक तर त्याच्याही आधी निघालं, पण बायकोचा धाकटा भाऊ शंभरीला टेकला तरी चिरंजीवच राहतो, तेव्हा आशीर्वाद गुमान घे.) तिकडे दापोलीस सगळी खुशाली असेलच. सौ. अनुयाचा धरलेला खांदा सुटला का? आंब्याला मोहोर दिसतोय का, की यंदाही तू कलमांना नुसती व्याख्यानंच देतो आहेस? माझी शुगर एकशे ऐंशीच्या घरात असून तिथेच सुखाने नांदते आहे. तुझी ताई बरी आहे. हे वाक्य गेली दोन वर्षं मी विचारेल त्याला ऐकवलं आणि दर वेळी ते खोटं होतं. आज ते खरं लिहितो आहे, आणि नेमकं आजच ते लिहायला जड जातं आहे. का, ते पुढे येईल.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा फोन आला की वृंदा तो स्पीकरवर टाकते आणि तुझा आवाज (शेतकरी मेळाव्यात कमावलेला) जिन्यापर्यंत जातो. व्हॉट्सअ‍ॅप माझ्याआधी तीच वाचते; माझा चष्मा सापडेपर्यंत माझ्या नावाने उत्तरही देऊन मोकळी झालेली असते. जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर जाऊन चालणार नाही, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. शिवाय अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं माल तपासून त्याचे कागद भरले, त्यामुळे तोंडापेक्षा माझा हात बरा चालतो. वाचून झालं की पत्र बंबात घाल. तुमच्याकडे अजून बंब आहे ही एकच गोष्ट तुझ्याबद्दल हेवा वाटावा अशी आहे.

विषय मासा. आमच्या वरदने तो आणला त्याला साडेचार वर्षं झाली. उल्हासनगरला कमलेशच्या माशांच्या दुकानातून बोटाएवढा अरोवाना पाण्याच्या पिशवीत घालून रिक्षाने आणला, मी सोबत होतो. कमलेशने त्या बोटाएवढ्या जिवाची अशी काही तारीफ केली की हा मासा विकतोय की विमा, हेच मला कळेना. "साईं, घर पे जो भी आफत आएगी ना, पहले ये अपने ऊपर लेगा. खुद मर जाएगा, आप लोग को कुछ नहीं होने देगा. गॅरंटी." मी विचारलं, गॅरंटी लेखी मिळेल का? वरद पोट धरून हसला. त्या वर्षी गणपतीला तू आला होतास तेव्हा आपण दोघांनीही या माशावर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं, आणि तुझी ताई आपल्यावर चिडून तळलेले मोदक आत घेऊन गेली होती, आठवत असेल. मासा मात्र वाढत गेला. दोन फुटांचा झाला, त्याच्यासाठी पाच फुटी टाकी आली, टाकीसाठी हॉलमधला सोफा गेला आणि सोफ्याच्या जागी मी आरामखुर्चीत आलो. वरद कामावरून आला की बूट काढायच्या आधी त्याला चिमट्याने जिवंत किडा दाखवायचा आणि तो पाण्याबाहेर झेप घेऊन पकडायचा. घरात एवढीच सर्कस होती.

मग वरदला डेंग्यू झाला. पाच दिवसांत गेला, एकोणतीस वर्षांचा. हे तुला नव्याने सांगायला नको, तू खांदा दिला आहेस. पण माशाच्या बाजूने ती हकीकत कुणी पाहिलेली नाही, म्हणून लिहितो. ते पाचही दिवस मासा ठणठणीत होता. प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या त्या दुपारी मी कपडे न्यायला घरी आलो, तर हा पाच फूट इकडून तिकडे अन् तिकडून इकडे चंदेरी अंग मिरवत येरझाऱ्या घालतोय. मी टाकीपुढे उभा राहिलो आणि त्याला मोठ्याने म्हटलं, अरे, आता मर ना. (असं आयुष्यात मी कुणालाही म्हटलं नव्हतं. कामगार युनियनच्या सेक्रेटरीलासुद्धा नाही.) दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. एका डासाने नेला. मासा राहिला. ज्या एका कामासाठी त्याला घरात ठेवलं होतं ते काम त्याने केलं नाही, आणि तरी त्याला रोज खायला घालणं माझ्या नशिबी आलं.

तुझ्या ताईला मात्र त्याचा राग नव्हता. ती त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागली. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की माशाने खाल्ल्याशिवाय ती खात नाही. नेम म्हणून तिने बोलून दाखवलं नाही, पण त्याने किडा घेतला की ती उठून ताट वाढून घेई, आणि त्याने तोंड फिरवलं की हिचं उत्तर, "मला भूक नाही." पहिलं दीड वर्ष निभावलं, कारण कमलेशकडे पुडीत जिवंत किडे मिळायचे. यंदा गणपतीनंतर त्याने ते ठेवणं बंद केलं. सुक्या गोळ्यांकडे मासा ढुंकून पाहीना. कोळंबी सोलून घातली, ती तीन दिवस टाकीच्या तळाशी पडून राहिली आणि घराला ससून डॉकचा वास सुटला. दिवाळीपर्यंत वृंदाचं वजन अठ्ठेचाळीसवरून एकेचाळीसवर आलं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. टॉनिक जेवणानंतर घ्यायचं होतं. आता जेवणच नाही तर नंतर कुठून येणार?

अशात एके दिवशी विठाबाईच्या मेथीच्या जुडीतून एक किडा निघाला. (विठाबाई म्हणजे चामटोलीची भाजीवाली, आमच्या कोपऱ्यावर बसते. तोंडाने फाटकी, मापाने चोख.) लाल, वाटोळा, पाठीवर काळे ठिपके, तुमच्या खात्याच्या भाषेत ढालकिडा. मी मेथी निवडत होतो, तो उडाला आणि टाकीच्या काठावर जाऊन बसला. मासा तळातून असा उसळला की माझ्या सदऱ्यावर पाणी. किडा गिळला. मग थुंकला. मग पुन्हा गिळला. वृंदा स्टुलावरून उठून "खाल्लं! अहो, खाल्लं!" असं ओरडली, आणि त्या दिवशी तिने मेथी आणि दीड भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसलो, कारण डोळे पुसलेले तिने पाहायला नको होते.

इथे माझी चूक झाली, आणि ती माझ्याच हातून व्हावी याचं मला राहून राहून नवल वाटतं. फॅक्टरीत मालाचा एक लॉट येतो, त्यातले ठरावीक नग उचलून तपासायचे, ते पास तर लॉट पास. किती मोठ्या लॉटमधून किती नग उचलायचे याचा तक्ता असतो आणि तो तक्ता मला अजून झोपेत पाठ म्हणता येईल. त्याच माणसाने इथे एका किड्यावर किड्यांची अख्खी जात पास केली. नाही म्हणायला मी त्याची एक चाचणी घेतली. जे माशाच्या पोटात जाणार ते आधी आपण पाहावं, अशा विचाराने विठाबाईकडून दुसरा किडा मागवला आणि जिभेवर ठेवला. यज्ञेश, त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळा रस निघतो. कडुलिंब, जळकं रबर आणि जुन्या बॅटरीचं टोक एकदम चाटल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत मला चहा आणि पाणी यांतला फरक कळत नव्हता. (वृंदाच्या चहात तो एरवीही फारसा कळत नाही, पण ते असो.) एवढं होऊनही मी निष्कर्ष काढला की किडा विषारी नसावा, कारण मी जिवंत आहे. निष्कर्ष काढायची घाई झाली की माणूस स्वतःलाही पुरावा म्हणून वापरतो.

मग मी त्याच्या शत्रूंचा अभ्यास केला. म्हटलं, निसर्गात याला कोण कोण खातं ते पाहू. खाणारे पुष्कळ असतील तर आपला मासा काय वाईट? निघाले पुष्कळ. कोळी खातो, पण जाळ्यात दुसरं काही नसेल तर. बेडूक गिळतो आणि पस्तावून ओकतो. खंडोबाचा घोडा खातो, चतुर खातो, काही पक्षी खातात आणि बाकीचे पक्षी त्यांचे हाल बघून लाल रंग दिसला की दुसऱ्या फांदीवर जातात. मुंग्या त्याला खाण्यापेक्षा हाकलतात, कारण त्यांनी पाळलेला मावा हा खाऊन टाकतो. थोडक्यात, सगळे नाक मुरडून खातात, आमच्या कॅन्टीनची उसळ खात तसे. पण एक शत्रू वाचला आणि मी मोबाइल खाली ठेवला. गांधीलमाशीच्या कुळातली एक चिमुकली माशी आहे म्हणे. ती या किड्याच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून खात वाढते, बाहेर पडते आणि त्याच्याच पोटाखाली कोष विणते. आणि हा किडा मरत नाही. पाय पसरून, थरथरत, त्या कोषावर पहारा देत बसतो. ज्याने आतून पोखरलं त्याचीच राखण करतो. न खाता, जागचा न हलता.

मी मान वर केली तर समोर वृंदा स्टुलावर बसलेली, काचेला हात लावून.

तुला हे असंच लिहितो आहे, सजवून लिहायची माझी ताकद नाही. त्या क्षणी मला बायकोची भीती वाटली. पुढे असंही लिहिलं होतं की शंभरातले वीस-पंचवीस किडे त्यातूनही उठतात आणि पुन्हा खायला लागतात. ते वाक्य मी चार वेळा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला श्रीखंडाचा रिकामा डबा (झाकणाला भोकं पाडून) आणि चहाची गाळणी घेऊन चामटोलीच्या रिक्षात बसलो.

विठाबाईचं वालाचं शेत आहे. वालावर मावा, माव्यावर ढालकिडे, ढालकिड्यांवर मी. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन; एकेका वेलापुढे वाकायचं, किडे मोजायचे, वहीत टिपायचं, मग गाळणीने डब्यात. तिसऱ्या दिवशी मान वर केली तर बांधावर बारा-पंधरा माणसं उभी. वही आणि टोपी पाहून त्यांनी ठरवलं होतं की मी नव्या रस्त्याच्या मोजणीला आलेला सरकारी माणूस आहे. एकाने सरळ भाव विचारला. दुसऱ्याने त्याला ढकलून, आपल्या जमिनीतून काहीही जाऊ देणार नाही असं ठणकावलं आणि लगेच हळूच, देणार किती तेही विचारलं. मी डबा उघडून दाखवला तेव्हा तर ते जास्तच बिथरले. लाल किडे गोळा करणारा माणूस त्यांच्या हिशेबात मोजणीवाल्यापेक्षा धोक्याचा. शेवटी विठाबाई धावत आली. "आरं, सोडा त्यांना! ह्ये आमचं किडंवालं भाऊ हान. जमीन नाय मोजत, किडं मोजतान." तेव्हापासून चामटोलीत मला किडेवाला भाऊ म्हणतात. चौतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी करून मला कुणी एवढी सुटसुटीत पदवी दिली नव्हती.

घरी रोज दहा किडे सोडायचे. त्यांतले तीन मासा गिळे, सात थुंके. सत्तर टक्के माल नापास करणारा हा मासा आमच्या खात्यात खूप वर चढला असता. थुंकलेले सात चिंब होऊन काठाला लागत, वाळत आणि मग घरभर फिरत. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावर एक, देव्हाऱ्यात गणपतीच्या कानात एक, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या चहात एक, जो त्यांनी वेलची समजून चावला. मी नाकतोडे आणून पाहिले, ते मासा आवडीने खाई; पण तुझ्या ताईचं म्हणणं, "लालच आणा. त्याने पहिला लालच घेतला होता." तीन किडे म्हणजे एक पोळी, असा साधारण दर बसला होता. मी त्या दराने खूश होतो. पंधरा दिवसांत वजन दीड किलो वाढलं.

आता तू कपाळावर हात मारणार ते सांगतो. तू पन्नास वेळा सांगितलेलं आहेस की ढालकिडा हा मित्रकिडा आहे, मावा खातो, त्याला मारू नये. मी त्याला मारत नव्हतो, नुसता उचलत होतो. पण वालाच्या दृष्टीने दोन्ही एकच. पंधरा-वीस दिवस सकाळच्या सकाळी मी त्या शेतातले पहारेकरी उचलून नेले आणि मावा असा माजला की वालाची पानं चिकट काळी पडली. विठाबाई बिचारी मला काही बोलली नाही. तिने औषधाचा पंप पाठीवर घेतला आणि शेत फवारलं. हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा विठाबाई शेतात नव्हती, नेहमीप्रमाणे डबा भरला आणि परत आलो.

रविवार म्हणजे चौदा तारीख, वरदचा वाढदिवस. वृंदाने श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. अकराच्या सुमारास मी किडे सोडले. त्या दिवशी माशाने चार गिळले, आणि मी आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलो. अर्ध्या तासाने टाकीत धडका ऐकू यायला लागल्या. मासा तिरका होऊन काचेवर आपटत होता. मी उठून टाकीपाशी गेलो, काचेला हात लावला, आणि मागे असा आवाज झाला की मला वाटलं सिलिंडर फुटला. वळून पाहतो तर आरामखुर्चीचे दोन तुकडे आणि त्यावर छताचा गिलावा, काँक्रीटचा पोपडा धरून, गंजक्या सळीच्या काड्यांसकट. (वरच्यांच्या बाथरूमची गळती, दोन वर्षांच्या तक्रारी, तीन अर्ज, पोच जवळ आहे.) नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर ते ढेकूळ तोलून घेतलं. सव्वासात किलो. जिथे पडलं तिथे मिनिटापूर्वी माझं टक्कल होतं.

वृंदा पुरीचा झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे. मासा उलटा तरंगत होता, कल्ले अजून हलत होते. थोड्या वेळात तेही थांबले. मला वाटलं, आता ही कोसळते. कोसळली नाही. झारा खाली ठेवून तिने टाकीला हात जोडले आणि म्हणाली, "घेतलं त्याने तुमच्यावरचं."

मग ती रडली. वरद गेला तेव्हा रडली नव्हती इतकी रडली, आणि रडून झाल्यावर तोंड धुऊन तिने पुऱ्या तळल्या. आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवलो (हॉलमध्ये छत पडलेलं). तिने तीन पुऱ्या खाल्ल्या. चौथी अर्धी मला दिली. संध्याकाळी आम्ही मासा वरदच्या टॉवेलात गुंडाळून सोसायटीच्या मागच्या शेवग्याखाली पुरला. तेव्हापासून ती दोन्ही वेळा जेवते. स्टूल तिने उचलून बाथरूममध्ये ठेवलं. काल तिने वरच्या मजल्यावर जाऊन त्या लोकांशी असं कडाक्याचं भांडण केलं की मला जिन्यात उभं राहून ऐकताना लग्नाची पहिली वर्षं आठवली. म्हणून म्हटलं, तुझी ताई बरी आहे.

पत्र लिहायचं कारण एवढंच की पाच फुटी टाकी आता रिकामी आहे. काच जाड, सांधे पक्के, मी स्वतः तपासलेले. तुला कलमांची रोपं ठेवायला उपयोगी पडेल का? येशील तेव्हा टेम्पोची सोय बघून ये. सौ. अनुयास आशीर्वाद. खांद्याला शेक देत जा म्हणावं.

तुझा,
श्यामकांत

ता. क. टाकीचं कारण खरं नाही. ती मी इथेही कुणाला देऊन टाकीन. खरी गोष्ट अशी की पुढच्या आठवड्यात तू येशील आणि वृंदा तुला माशाची हकीकत पहिल्यापासून सांगेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू विचारशील, तिरका पोहत होता का, झटके येत होते का, त्या दिवशी खायला काय घातलं होतं, किडे कुठल्या शेतातले. आणि मग मेळाव्यातल्या आवाजात सांगशील की ताई, ही तर फवारणीची लक्षणं, या औषधाचा थेंब माशाला पुरतो. कृपा करून हे करू नकोस. चहा पी, बिस्कीट खा, तोंड भरलेलं ठेव. आपण दोघांनी ज्या गोष्टीला हसून हसून तिला मोदक उचलायला लावले, त्याच गोष्टीवर ती आज दोन वेळा जेवते आहे. एवढंच नव्हे, तर तिने विचारलं तर सांग की असं होतं, मासे घेतात संकट अंगावर. तू कृषी पदवीधर आहेस, तुझ्या शब्दाला तिच्याकडे किंमत आहे. माझ्या शब्दाला पस्तीस वर्षांच्या संसारानंतर ती राहिलेली नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. विठाबाई रविवारी शेतात नव्हती असं वर लिहिलं आहे. ती होती. बांधावरूनच हात हलवून ओरडली होती, "भाऊ, आज नको न्हेव, काल मारलाय दवा!" मी ऐकलं. डबा भरताना वासही आला. वास ओळखायची मला नोकरीपासून सवय आहे. तरी भरला. कारण त्या सकाळी मी उठलो तेव्हा वृंदाने श्रीखंडाची वाटी टाकीपुढे ठेवली होती आणि ती माशाला हाक मारत होती. वरद, अशी. वरद, बघ काय केलंय तुझ्यासाठी. मासा आला आणि काचेला तोंड लावून उभा राहिला. त्याक्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही: तो तिथे आहे म्हणून ती अशी आहे. आणि खरं सांगायचं तर त्याहून साधी गोष्ट अशी की तो जिवंत होता आणि वरद नव्हता. मासा मेल्यावर ती खाणं कायमचं सोडून देईल, हेही मला कळत होतं. तरी डबा उघडला.

आणि यज्ञेश, त्याने मला खुर्चीतून उठवलं. मी घातलेल्या विषाने तो तडफडला म्हणून मी उठलो, आणि उठलो म्हणून वाचलो. काय समजायचं माणसाने? दोन वर्षं उशीर केला, आणि केलं तेही सहासष्ट वर्षांच्या, शुगर असलेल्या, पेपर वाचत बसलेल्या माणसासाठी. त्याच्या जागी मी असतो तर मी वरदच्या वेळीच मेलो असतो, आनंदाने. मला संधी मिळाली नाही.

तेव्हा तू आलास की ते वाक्य तिला सांगच. मासे घेतात संकट अंगावर, असं. हळू बोललास तरी चालेल. मी तिच्याजवळ बसलेला असेन, आणि मलाही ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे.